डिजिटल अटक विभागाच्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. वरिष्ठ तपास अधिकारी साहेब,
डिजिटल अटक विभाग,
मुक्काम: कॅमेऱ्याच्या पलीकडे, जिथे कुठे असाल तिथे.

विषय: आमच्या बाईंच्या जन्मभराच्या पुंजीबाबत आपण दाखवलेली तत्परता.

महोदय,

हे पत्र उघडं लिहायचं कारण एवढंच, की पाकिटावर घालायला पत्ता नाही. आपण बाईंना पाठवलेल्या ओळखपत्रावर 'सीबीआय मुख्यालय, कुलाबा, मुंबई' असं छापलेलं आहे. सीबीआयचं मुख्यालय दिल्लीला लोधी रोडवर आहे, हे आपल्या छापखान्यात कुणाला ठाऊक नसावं. शिवाय सीबीआयचे अधिकारी साध्या कपड्यांत काम करतात. आपण मात्र भर उन्हाळ्यात खाकी, खांद्यावर तारे, डोक्यावर टोपी असा सगळा सरंजाम चढवून बसला होता. टोपी जरा सैल होत होती, असं बाई सांगतात. उभा जन्म वर्गातल्या पोरांचे गणवेश तपासलेली नजर आहे ती. टोपी सैल आहे हे तिने टिपलं, टोपीखालचा साहेब खोटा आहे हे मात्र टिपलं नाही. यातच आपलं कसब आलं.

बाई म्हणजे आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त गणित शिक्षिका. अख्खी गल्ली त्यांना 'बाई'च म्हणते. यजमान गेले, मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळुरूला. हे सगळं आपल्याला फोन लावायच्या आधीच माहीत होतं, आधार क्रमांकासकट. एवढी बित्तंबातमी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही नाही, आणि तो तर दारात चपला किती आहेत ते मोजून पाहुणे ओळखतो.

सर्वप्रथम आपल्या कामाच्या वेगाबद्दल अभिनंदन. सकाळी बाई देवपूजा उरकत होत्या तेव्हा दूरसंचार खात्याच्या नावाने ध्वनिमुद्रित बाईसाहेब बोलल्या: तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा. बाईंनी ९ दाबला. चहा निवायच्या आत त्यांच्या नावावर मुंबईत गुन्हा दाखल झाला, मनी लाँडरिंगच्या कुठल्याशा बड्या प्रकरणात त्यांचं नाव निघालं, त्यांच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून कोट्यवधी रुपये फिरल्याचं सिद्धही झालं, आणि राहत्या घरी, राहत्या खुर्चीत त्यांना अटक झाली. दुपारी थेट सर्वोच्च न्यायालयात सुनावणी. न्यायमूर्तींच्या मागे अशोकस्तंभ, समोर फायली आणि हातात लाकडी हातोडा. हा हातोडा आपल्याकडच्या खऱ्या कोर्टात नसतो, तो हिंदी सिनेमात 'ऑर्डर ऑर्डर' करायला लागतो. पण असो, देखावा उभा करायचा तर थोडं इकडेतिकडे होणारच. ज्या देशात आजोबांनी लावलेल्या दाव्याची पुढची तारीख नातवाच्या हातात पडते, तिथे फिर्याद, तपास, अटक आणि सुनावणी एकाच दिवसात उरकणारं खातं आपण चालवता. विधी आयोगाने आपल्याकडे शिकवणी लावायला हरकत नाही.

आणि सौजन्य तर विचारू नका. खऱ्या कचेरीत बाईंना कुणी 'बसा' म्हणत नाही. आपण 'मॅडम, पाणी प्या, घाबरू नका, तुम्ही निर्दोष आहात हे मला दिसतंय, मी तुमच्यासाठी वर शब्द टाकतो' म्हणालात. आधी एकाने दरडावायचं, मग दुसऱ्याने समजुतीचं बोलायचं, ही विभागणी फार जुनी. तरी ती आपण चांगली वठवलीत. त्यातही मला दाद द्यावीशी वाटते ती एका वाक्याला. आपण म्हणालात, 'मॅडम, हल्ली असे खोटे फोन फार येतात, तेव्हा माझं ओळखपत्र नीट बघून घ्या.' वा! चोरानेच कुलूप ओढून पाहायला सांगितलं. बाईंनी डिजिटल अटकेच्या बातम्या वाचल्या होत्या, हे आपल्याला सांगायला हवं. त्या खोट्या अटकांपैकी आपली नाही, आपली खरी आहे, असं त्यांना वाटलं.

म्हणून 'लोकांना माहितीच नसते' असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. माहिती भरपूर झाली. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की कायद्यात डिजिटल अटक असं काहीही नाही. बच्चनसाहेबांनी तर प्रत्येक फोन लागायच्या आधी बजावलं; इतकं बजावलं की लोक त्या कॉलर ट्यूनलाच कावले आणि जून २०२५ मध्ये ती बंद झाली. बाईंना ती ऐकून फक्त 'आवाज अजून काय खणखणीत आहे' एवढंच वाटत असे. दरम्यान आपला धंदा कसा चालला ते गृह मंत्रालयाने संसदेत सांगितलं: डिजिटल अटक आणि तिच्या भावंडांच्या २०२४ या एका वर्षातल्या तक्रारी १,२३,६७२, आणि गेलेली रक्कम १,९३५ कोटी रुपये. सगळ्या सायबर फसवणुकी एकत्र धरल्या तर त्याच वर्षाचा आकडा २२,८४५ कोटी. आणि बळी फक्त पेन्शनर नाहीत. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओस्वाल, पद्मभूषण मिळालेले उद्योगपती, २०२४ मध्ये तोतया सरन्यायाधीशांसमोर उभे राहिले आणि सात कोटी देऊन बसले. गिरण्या चालवणाऱ्या माणसाला आपण गुंडाळलं, तिथे बाईंनी शरमेने मान खाली घालायचं कारण नाही. त्या घालतात, हा भाग वेगळा.

आता जरा आपल्या कुळाबद्दल. महाराष्ट्राला तोतये नवे नाहीत. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक जण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला, १७७६ मध्ये त्याने कोकणातले किल्ले घेतले, माणसं त्याच्या मागे गेली, आणि शेवटी पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पण त्या बिचाऱ्याला चेहरा भाऊंसारखा असावा लागला, घरच्या गोष्टी ठाऊक असाव्या लागल्या, ओळखणाऱ्यांसमोर स्वतः उभं राहावं लागलं. त्यानंतरचे आपले धाकटे भाऊबंदही निदान रस्त्यावर येत: 'आजी, पुढे खून झालाय, बंदोबस्त आहे, दागिने काढून रुमालात बांधा,' असं सांगणारे साध्या वेशातले पोलीस. बांगड्या गेल्या की घरी पोचेपर्यंत कळायचं, रुमालात खडे आहेत. दोन पाटल्या आणि एक मोहनमाळ यापलीकडे त्यांची झेप नव्हती. आपण खुर्चीतून न उठता मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि गावाकडच्या जमिनीचे पैसे नेता. प्रगती आहे.

एका बाबतीत मात्र आपल्या लेखनिकाने फार घोळ घातलाय. आपण बाईंना पहिली अट घातलीत ती 'कुणाला सांगायचं नाही'. मुलाला नाही, मुलीला नाही, शेजाऱ्यांना तर मुळीच नाही. 'राष्ट्रीय गोपनीयता कायद्या'खाली तीन वर्षं कैद होईल, आणि तुमच्यामुळे मुलांनाही आत जावं लागेल. दार लावून घ्या, कॅमेरा चालू ठेवा, बाथरूमला जाताना परवानगी घ्या. साहेब, या देशाचा कायदा नेमका उलटा आहे. पोलिसांनी कुणालाही धरलं तर त्याच्या घरच्याला किंवा मित्राला कळवणं हे पोलिसांवर बंधन आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिलं आणि पुढे ते कायद्यातच आलं. राज्यघटनेचा बाविसावा अनुच्छेद सांगतो, अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अगदीच अडलं तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी हवी. एवढंच काय, हजर राहण्याची पोलिसी नोटीससुद्धा व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. थोडक्यात, खरी अटक झाली की घरी फोन जातो. आपली अटक झाली की घरचा फोन बंद होतो. 'कुणाला सांगू नका' म्हणणारा पोलीस आम्हाला एरवी ओळखपत्राशिवायही ओळखता यायला हवा.

तो ओळखता येत नाही याचं थोडं श्रेय आमच्या खऱ्या सरकारलाही द्या, सगळं स्वतःकडे घेऊ नका. पेन्शनर माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. जो माणूस स्वतः कचेरीत चालत येऊन 'मी हयात आहे' असं लिहून देतो, त्याला कुणी 'तुमचे पैसे पांढरे असल्याचं सिद्ध करा' म्हटलं तर त्यात त्याला अद्भुत काय वाटणार? हल्ली तर तो दाखलाही मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. म्हणजे सरकार फोनवर चेहरा मागतं, हे बाईंना सरकारनेच शिकवलं. बँक दर थोड्या दिवसांनी केवायसी मागते आणि दिली नाही तर खातं गोठवू म्हणते. आपण त्याच भाषेत, त्याच आवाजात बोललात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आम्ही पोरांना दुधाबरोबर पाजतो. आणि आपण बाईंना पायरी न चढता सुटायचा रस्ता दाखवलात. पैसे तेवढे 'रिझर्व्ह बँकेच्या तपासणी खात्यात' ठेवायचे होते, ७२ तासांसाठी.

बँकेचा प्रसंग आपण फोनवरून ऐकलाच आहे, कारण फोन पर्समध्ये चालू ठेवायचा हुकूम होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, 'बाई, एकदम एवढ्या एफडी का मोडताय? व्याज जाईल.' बाईंनी, ज्यांनी आयुष्यात खोटी हजेरी लावली नाही, आपण पढवलेलं उत्तर दिलं: मुलगा फ्लॅट घेतोय. मुलीने पुन्हा विचारलं. बाई तिच्यावर चिडल्या. आरटीजीएसचा फॉर्म बाईंनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात भरला, आकडा अक्षरीही लिहिला, सही दोनदा केली. आता बँक म्हणते, सही खातेदाराचीच आहे, आम्ही काय करणार. कायद्याने तिचं म्हणणं बरंचसं टिकतंही. काउंटरवरच्या त्या मुलीला तिसऱ्यांदा विचारायची मुभा, किंवा एवढ्या वयाच्या खातेदाराच्या मोठ्या रकमेला एक रात्र थांबवून ठेवायची सोय असती, तर आपला दिवस फुकट गेला असता. आपल्या सुदैवाने आमच्याकडे पैसे वेगाने जावेत यासाठी सगळी यंत्रणा राबते. ते अडवण्यासाठी राबणारी यंत्रणा त्या मानाने दमलेली असते.

तरी ते पैसे लगेच आपल्या हाती लागले नाहीत, याची मला कल्पना आहे. कुठल्याशा होतकरू तरुणाने चार पैशांसाठी भाड्याने दिलेल्या खात्यात ते आधी गेले, तिथून दहा खात्यांत, तिथून आणखी कुठे. ती खाती उघडणारे परग्रहावरचे नाहीत. पासबुक, सिमकार्ड आणि एटीएम कार्ड 'थोडे दिवस वापरायला' देणारी ही आमच्याच गावची मुलं. आपल्याला शिव्या देताना त्यांच्या वाट्याच्याही थोड्या बाजूला ठेवतो.

पण आपला सर्वांत भरवशाचा साथीदार या मुलांपैकी कुणी नव्हता. तो आमच्या घरात बसलेला आहे. मधल्या एका रात्री बाईंना शंका आली होती. 'आपण' झोपला होता, कॅमेरा चालू होता, आणि बाई जाग्या होत्या. मुलाला फोन करावा असं मनात आलं. केला नाही. कारण दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मोफत रिचार्जचा एक निरोप कुटुंबाच्या गटावर पुढे पाठवला होता, आणि त्यावर मुलगा, सून, भाचे सगळ्यांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती. 'आई, तू ना!' असं मुलीने लिहिलं होतं. त्या 'तू ना'पेक्षा बाईंना आपला तुरुंग बरा वाटला. आपण त्यांच्याशी रोज तासन्‌तास बोललात, जेवलात का विचारलंत, गोळ्या घेतल्या का विचारलंत. मुलगा रविवारी बोलतो आणि त्याला मध्येच दुसरा फोन येतो. मुलगा वाईट नाही. त्याला वेळ नाही, आणि आपल्याकडे ती एकच गोष्ट अमाप आहे.

पुढेही तसंच झालं. पैसे गेल्याचं लक्षात आल्यावर बाईंनी आधी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. तेवढ्यात १९३० ला फोन लावला असता तर पुढच्या खात्यांत पोचलेले थोडे तरी पैसे अडवता आले असते. त्या क्रमांकामागची व्यवस्था बँकांना जोडलेली असते आणि पहिल्या तासांतच तिचा हात पोचतो. सांगितलं तेव्हा मुलाच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, 'अगं, तू एवढी शिकलेली!' हे वाक्य आपण पढवलेलं नव्हतं, तरी आपल्याच कामी आलं.

तेव्हा आम्ही काही फेरबदल केले आहेत, ते आपल्या माहितीसाठी. बाईंच्या मुलांनी आईला शब्द दिलाय: कितीही खुळ्यासारखी शंका असो, रात्री दोनला फोन कर, कुणी हसणार नाही, कुणी 'सांगितलं होतं ना' म्हणणार नाही. मुलीला तो पाळणं जड जातंय, पण पाळतेय. उरलेल्या ठेवी आता मुलीच्या आणि बाईंच्या दोघींच्या सहीने चालतात. 'दोघांपैकी कुणीही' या सोयीच्या रकान्यावरची खूण आम्ही पुसली. मुलाच्या हुबेहूब आवाजात 'आई, अपघात झालाय, पैसे पाठव' असा फोन आपल्या दुसऱ्या विभागाकडून येऊ शकतो, म्हणून घरात एक प्रश्न ठरलाय. आजोळच्या म्हशीचं नाव विचारायचं. ते आधारवर नाही. आणि इमारतीपुरतं सांगायचं तर, संध्याकाळी कट्ट्यावर कुणी एकटं राहणारं माणूस दिसलं नाही, तर त्याची बेल वाजवली जाते. आत कॅमेऱ्यासमोर कुणी साहेब बसला असेल तर त्याला चहा विचारला जाईल.

राहता राहिलं आपलं स्वतःचं. कधी कधी वाटतं, हे पत्र आपल्याला मिळालं तरी वाचायची परवानगी आपल्याला असेल का? म्यानमारमध्ये थायलंडच्या सीमेलगत म्यावाडीजवळचा केके पार्क, कंबोडियातल्या तसल्याच वसाहती; नोकरीच्या आमिषाने नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, रोजचा आकडा भरला नाही तर मार खाणारी पोरं तिथे बसून असेच फोन लावतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केके पार्कवर कारवाई झाली तेव्हा शेकडो भारतीय नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाले आणि सरकारला विमानं पाठवून त्यांना परत आणावं लागलं. सैल टोपी घालून बाईंना बाथरूमची परवानगी देणारे आपण त्यातलेच असाल, तर आपल्याला स्वतःला ती कुणाकडे मागावी लागते, हा प्रश्न मनात येतो. त्यामुळे बाईंचे पैसे मात्र परत येत नाहीत, आणि माझा रागही फारसा कमी होत नाही.

तसे नसाल, आणि वातानुकूलित खोलीत स्वखुशीने बसला असाल, तर एक आनंदाची बातमी. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने आपल्या भाऊबंदांनी दाखवलेले सर्वोच्च न्यायालयाचे बनावट हुकूम थेट सर्वोच्च न्यायालयालाच कळवले. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास देशभर करायला सीबीआयला सांगितलं. ज्या खात्याची पाटी आपण लावता, ते खातंच आता आपल्याला शोधतंय. खरे अधिकारी येतील तेव्हा खाकीत नसतील, त्यामुळे ओळखायला थोडं जड जाईल. त्यांचं ओळखपत्र नीट बघून घ्या. हल्ली फसवणूक फार होते.

कळावे.

आपला,
बाईंचा शेजारी आणि एके काळचा विद्यार्थी

ता. क. रक्कम ७२ तासांत परत मिळेल, अशी शिक्क्यानिशी दिलेली आपली पावती बाईंनी फाईलला लावून ठेवली आहे. मुदत कधीच उलटली. पुढच्या काळाचं व्याज सरळ व्याजाने धरायचं की चक्रवाढ, एवढं लेखी कळवावं. गणित बाई स्वतः करणार आहेत.